साडेतीन टक्क्यांची मुंबई

मोबाइल घरीच ठेवा. ठेवायला खिसा मिळणार नाही. तुमच्या अंगावर आता मांजरपाटाची बंडी आहे, कमरेला गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि डोक्याला मुंडासं. साल १८९६, वैशाखातली पहाट, जागा मुंबईतल्या परळकडची एक चाळ. तुम्ही गॅलरीत झोपला होतात, कारण आतल्या गाळ्यात दहा-बाराजण एकाला एक लागून पडले आहेत आणि तिथली हवा रात्रीपासून हललेली नाही.

आपण इथे एका वादासाठी आलो आहोत. परदेशी मालावर जकात बसवून घरचा धंदा राखायचा, की व्यापार खुला सोडायचा? पुस्तकात हा वाद वाचताना जांभया येतात. इथे तो तुमच्या पगारातून आणि धोतरातून जाणार आहे. उठा, भोंगा वाजला.

नळावर रांग लागली आहे. घासलेटचा धूर, सुक्या बोंबलांचा वास आणि मागच्या गल्लीतल्या संडासांची दुर्गंधी, सगळं एकदम नाकात शिरतं. चहाची वाट पाहू नका, तो अजून घरोघरी पोचलेला नाही. कालची भाकरी, त्यावर चटणी, की निघा. रस्त्यावर माणसांचा लोंढा आहे. बहुतेक अनवाणी, बहुतेक रत्नागिरीकडचे, काही घाटावरचे. बोलणं कमी, पावलांचा आवाज जास्त. वर धुराड्यांनी आकाश आधीच काळं केलं आहे. बहुतेक गिरण्यांत विजेचे दिवे अजून यायचे आहेत, त्यामुळे सूर्य उगवला की काम सुरू आणि सूर्य बुडाला की बंद. वैशाखातला दिवस किती लांब असतो, ते आज तुमच्या पायांना कळेल.

दरवाज्यावर मुकादम उभा आहे. एकाने खाडा केला म्हणून त्याच्या जागी तुम्हाला घेतो. त्याच्या हातावर दस्तुरी ठेवायला विसरू नका. ती दिली नाहीत तर उद्या तुमच्या जागी दुसरा उभा असेल.

आता साचेखात्यात, म्हणजे यांत्रिक मागांच्या खात्यात, पाऊल टाका.

पहिल्यांदा कान जातात. शेकडो साचे एकदम खडखडतात आणि तो आवाज कानांतून छातीत उतरतो. दोन हातांवर उभा असलेला माणूस काय म्हणतो हे त्याच्या ओठांवरूनच ओळखायचं. मग घाम फुटतो. खिडक्या मुद्दाम बंद ठेवल्या आहेत आणि आत वाफ सोडली आहे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. सूत तुटू नये म्हणून माणसांनी भिजायचं. खळीचा आंबूस वास, तेलाचा वास, आणि हवेत तरंगणारी कापसाची लव. ती पापण्यांवर बसते, नाकात जाते, घशात अडकते.

तुमच्या शेजारचा गडी कांडी बदलतो आहे, त्याच्याकडे नीट बघा. लाकडी धोट्यात नवी कांडी बसवली, धोट्याचं भोक ओठांना लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. सुताचं टोक त्या भोकातून बाहेर आलं. धोटा परत साच्यात, आणि साचा पुन्हा सुरू. दिवसभर हेच. करून बघा एकदा. तेल, खळ, कापूस आणि आधीच्या माणसाची थुंकी, सगळं एकाच घोटात तोंडात येतं.

दुपारी तपासणीच्या टेबलापाशी जा. कारकून तागा उलगडतो, उजेडात धरतो आणि एका जागी बोट ठेवतो. तेलाचा डाग. दोन हातांवर एक धागा सुटलेला. "हे नेऊन घाल घरी," असं म्हणत तो अख्खा तागा त्याच गड्याच्या अंगावर टाकतो. कापड आता गड्याचं झालं आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून जाणार. डागाळलेला तागा बाजारात नेला तर निम्मी किंमत हाती आली तरी नशीब.

"तेल तर साच्यातूनच गळतं ना?" तुम्ही विचारता. तो मान हलवतो. गळतं, आणि सगळ्यांना माहीत आहे.

आता मी तुम्हाला इथून बाहेर काढतो. खऱ्या कामगाराला ही मुभा नाही, पण तुम्ही पाहुणे आहात. पायधुणीपर्यंत चालत या, तिथे घोड्यांच्या ट्राममध्ये चढा आणि काळबादेवीला उतरा. समोर मुळजी जेठा मार्केट.

इथला वास वेगळा आहे. नवं कोरं कापड, अत्तर, हमालांचा घाम. अरुंद गल्ल्यांतून पाठीवर गाठोडी घेतलेले हमाल ओरडत येतात आणि तुम्ही वेळेवर भिंतीला चिकटला नाहीत तर सरळ अंगावरून जातात. दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र गाद्या, लोड आणि त्यांना टेकलेले शेठ. गुजराती, मराठी, कच्छी, हिंदुस्थानी, सगळं एकात एक मिसळून कानावर येतं. मात्र भाव कुणी मोठ्याने बोलत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबली जातात, चेहरे मख्ख राहतात आणि सौदा होतो.

बार्शीकडून आलेल्या एका कापडवाल्याच्या मागे उभे राहा. त्याच्यापुढे दोन ढीग मांडले आहेत. एक मँचेस्टरचा. प्रत्येक ताग्यावर रंगीत चित्र चिकटवलं आहे, कुठे लक्ष्मी, कुठे बाळकृष्ण, कुठे गणपती. सातासमुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याला इथल्या देव्हाऱ्याची किती बारीक माहिती आहे! दुसरा ढीग मुंबईच्या गिरण्यांचा, जाडाभरडा आणि पिवळसर.

कापडवाला मुरलेला आहे. विलायती कापडाचं टोक दोन्ही मुठींत धरून तो खसाखसा चोळतो. बोटांवर पांढरी भुकटी येते. खळीत घातलेली चिनी माती आहे ती. तुम्हीही चोळून बघा. जड आणि गुळगुळीत वाटणारा तागा हातात हलका होत जातो आणि वीण उघडी पडते. सगळाच विलायती माल असा नसतो. बारीक सुताचं मँचेस्टरचं कापड खरोखर सुरेख आहे, आखूड धाग्याच्या देशी कापसातून तसं सूत इथे निघत नाही. पण फसवणारा तागा बार्शीला नेला, तर पहिल्याच धुण्यानंतर गिऱ्हाईक दुकानात येऊन शिव्या देईल.

"शेठ, नव्या कराचे किती धरू?" तो विचारतो.

"साडेतीन टक्के. रुपयामागे सात पै धरा."

"विलायतीवर?"

"विलायतीवर बंदरात, आणि देशीवर गिरणीत."

वाद इथे सुरू होतो. सरकारची तिजोरी रिकामी होती म्हणून दोन वर्षांपूर्वी जकात परत आली आणि वर्ष सरता सरता विलायती कापडावरही ५ टक्के बसली. लँकेशायरचे गिरणीवाले ओरडले: ही वसुली नाही, मुंबईच्या गिरण्यांना दिलेलं कवच आहे, आणि खुल्या व्यापारात कवच चालत नाही. मग यंदा तोडगा निघाला. विलायती कापडावरची जकात उतरवून ३.५ टक्के केली आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडावरही तेवढाच कर बसवला. कागदावर दोन्ही पारडी सारखी झाली.

पण तुम्ही आत्ताच दोन्ही ढिगांना हात लावलात. तलम विलायती कापड घेणारा एक आणि जाडंभरडं धोतर घेणारा दुसरा. बहुतेक मालाची आपसात स्पर्धाच नव्हती. तलमावरचा बोजा उतरला आणि आजवर ज्या जाड्याभरड्यावर काहीच नव्हतं, त्याच्या किमतीत रुपयामागे सात पै शिरले. तुमच्या अंगावरची ही बंडी त्यातलीच.

संध्याकाळी चाळीत परत या. पायऱ्यांवर माणसं बसली आहेत, खाली कंदील आहे आणि एक शाळामास्तर मंगळवारचा 'केसरी' मोठ्याने वाचतो आहे. कुणाच्या घरी मासळी तळली जाते आहे. एक मूल किरकिर करतं आहे. तुम्हीही कडेला टेका.

"विलायती घ्यायचंच नाही!" एक तरुण म्हणतो. चार माना डोलतात.

मास्तर सांगू लागतात. खुल्या व्यापाराचा उपदेश करणाऱ्या इंग्लंडने स्वतःचे कारखाने उभे राहीपर्यंत काय केलं? १७०० साली हिंदुस्थानचं छापील कापड आणायला बंदी घातली, १७२१ साली ते अंगावर घालायलाही. पुण्याचे रानडे चार वर्षांपूर्वी डेक्कन कॉलेजात हेच मांडून गेले. अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी सारखे लागू होत नाहीत, देश कुठल्या पायरीवर उभा आहे ते आधी बघावं लागतं. मास्तरांचा आवाज चढला आहे आणि त्यांचं खरं आहे.

मागून एक म्हातारा खाकरतो. नगरकडचा साळी, आता गिरणीत झाडू मारतो. "मास्तर, आमचा माग बसला तेव्हा कुणी सभा भरवली होती का? आधी विलायती कापड आलं, मग तुमच्या गिरणीचं. दोघांनीही पोटावरच पाय दिला."

"पण बाबा, तुमचा भाऊ अजून मागावर बसतो ना? सूत कुठलं वापरतो?"

"गिरणीचंच," म्हातारा म्हणतो. "स्वस्त पडतं." आणि गप्प होतो, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग सूत गुंडाळण्याच्या खात्यातली एक मावशी बोलते. दिवसभराच्या कामाने तिचा आवाज बसला आहे. "विलायती महाग केलं की शेठचं कापड खपेल, कबूल. मग शेठ माझा रोज वाढवील का? का माझंच लुगडं महाग होईल?"

कुणालाच उत्तर सुचत नाही. थोड्या वेळाने कोपऱ्यातून एकजण लोखंड्यांचं नाव काढतो. नारायण मेघाजी लोखंडे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हाकेला महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले होते, बायकाही उठून बोलल्या होत्या, आणि त्या उन्हाळ्यातच रविवारची सुट्टी मिळाली. "ती काही मँचेस्टरने दिली नाही आणि शेठनेही आपण होऊन दिली नाही," तो म्हणतो. इथली एक गंमत ध्यानात घ्या. हिंदी गिरण्यांत कामाचे तास कमी करणारे कायदे हवेत, असा तगादा लँकेशायरचे गिरणीवालेच लावत होते, कारण इथला माल त्यामुळे महागला असता. आणि विलायतेपासून राखा म्हणणारे इथले बरेच मालक त्याच कायद्यांना विरोध करत होते. कामगाराची काळजी दोन्हीकडच्या भाषणांत होती, तपासणीच्या टेबलापाशी मात्र तो एकटाच उभा होता.

आता परत निघू या, पण वाटेत १९२५ साली एकदा थांबा. तो साडेतीन टक्क्यांचा कर अजून चालू आहे. तीस वर्षं अर्ज, ठराव, भाषणं झाली. यंदा धंदा मंद आहे म्हणून मालकांनी मजुरीत ११.५ टक्के कपात जाहीर केली आणि सुमारे दीड लाख कामगार घरी बसले. त्या परळकडच्या रस्त्यावर आज पावलांचा आवाज नाही. धुराडी थंड आहेत, वाण्याची उधारी वाढते आहे, कित्येकजण आगबोटीने कोकणात गेले आहेत. दोन महिन्यांहून जास्त काळ असा गेल्यावर, डिसेंबरात सरकारने कराची वसुली थांबवली आणि मालकांनी कपात मागे घेतली. पुढच्या वर्षी कर कायमचा गेला. तीस वर्षांच्या युक्तिवादांनी जे हललं नव्हतं, ते साच्यावरच्या माणसांनी हात आवरल्यावर हललं.

मास्तरांशी माझं मत जुळतं. कोवळ्या उद्योगाला थोडा काळ आडोसा लागतो, आणि स्वतः आडोशात वाढलेल्याने दुसऱ्याचा आडोसा काढून घेणं हा अन्याय आहे. पण मावशीचा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो अजून जुना झालेला नाही. उद्या पोलादावर, सोयाबीनवर, मोबाइलच्या सुट्या भागांवर जकात चढेल किंवा उतरेल. तेव्हा 'संरक्षण' आणि 'खुलेपणा' या दोन्ही शब्दांना तिचेच दोन प्रश्न विचारा. वाचलेला पैसा माल करणाऱ्याच्या हातात किती पडणार? आणि वाढलेला पैसा कुणाच्या पिशवीतून जाणार? या दोन्हींची उत्तरं आकड्यांत मिळत नाहीत, तोवर कुठल्याही बाजूला मान डोलावू नका.