चेहरा आणि भिंग

गिरगावातील जुने घर असो, वा पोलाद-कारखान्यामुळे भिलाईच्या मरोद्यात येऊन वसलेले मराठी बिऱ्हाड असो, भिंतीवरचे पणजोबा एकाच मुद्रेत दिसतात. ताठ मान, मिटलेले ओठ, रोखलेली नजर! आपण तो त्यांचा करारी स्वभाव समजतो. परंतु त्यात भिंगाचाही वाटा आहे.

1839 साली दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हा भिंगातून प्रकाश इतका थोडा येई की बसणाऱ्यास कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. 1840 मध्ये व्हिएन्नाचे गणिती योसेफ पेत्झवाल यांनी आकडेमोडीने, खास चेहऱ्यासाठी, नवे भिंग रचले. त्यातून पंधरा पटींहून अधिक प्रकाश येई. कडा धूसर होत, मधला चेहरा मात्र रेखीव उमटे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळीही डोक्यामागे लोखंडी टेकू लावीत. हसू तेवढा वेळ टिकणार कसे?

आता क्षणार्धात चित्र उमटते, आणि प्रश्न उरतो तो अंतराचा. 35 मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर 35 मिलिमीटरचे भिंग लावून चेहरा चौकटभर घ्यावा, तर फार जवळ जावे लागते. नाक मोठे दिसते, कान मागे पडतात. 85 मिलिमीटरचे भिंग आपल्याला मागे सरकवते आणि चेहऱ्याचे प्रमाण राखते. म्हणून समोरच्या माणसापासून किती दूर उभे राहायचे, ते आधी ठरवावे. भिंग मग निवडावे.