मेरी रेबी व शिरगणतींतील एक नोंद

बनावट लेख ओळखण्याचीं लक्षणें संग्राहकांस ठाऊक आहेत. कागद, शाई, शिक्का व तिथिवार यांचा मेळ बसला नाहीं म्हणजे लेखाविषयीं संशय उत्पन्न होतो. परंतु अक्षरशः खरा असूनहि वाचणारास फसविणारा लेख ओळखणें याहून कठीण होय. अशा लेखाचा एक नामी दाखला आस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या दप्तरांत आहे, तो येथें देतों.

लँकाशायर परगण्यांत इ. स. १७७७ त जन्मलेली मेरी हेडॉक ही मुलगी पुरुषवेषांत, 'जेम्स बरो' या नांवानें वावरत असतां घोड्याच्या चोरीवरून पकडली गेली. १७९० सालीं स्टॅफर्ड येथील न्यायालयानें तिला सात वर्षें हद्दपारीची शिक्षा दिली. आक्टोबर १७९२ त 'रॉयल ॲडमिरल' जहाजानें ती सिडनीस पोंचली. त्याच महिन्यांत तिनें आपल्या नातलगांस लिहिलेलें पत्र आजहि सिडनी येथील ग्रंथालयांत जतन केलेलें आहे.

१७९४ त टॉमस रेबी याच्याशीं तिचा विवाह झाला. हा गृहस्थ पूर्वीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत होता. हॉक्सबरी नदीकांठची शेती व सिडनींतील व्यापार यांवर उभयतांनीं संपत्ति जोडली. १८११ त पति निवर्तला. पदरीं सात मुलें असतां मेरीनें सर्व कारभार एकटीनें हातीं घेतला. १८१२ त तिनें नवी वखार उघडली. १८१६ त तिनें आपली मालमत्ता विक्रीस काढली, तींत हॉक्सबरीवरील सात शेतें होतीं. १८१७ त न्यू साउथ वेल्सची पहिली पेढी तिच्याच एका घरांत सुरू झाली.

१८२० त ती लेकींसह विलायतेस गेली व पुढील वर्षीं परतली. १८२८ च्या शिरगणतींत प्रत्येकाच्या नांवापुढें तो स्वतंत्रपणें आला, शिक्षा भोगून मुक्त झाला, कीं वसाहतींतच जन्मला, हें नोंदीत. मेरीनें लिहविलें: १८२१ त स्वतंत्रपणें आगमन. यांत एक अक्षरहि असत्य नाहीं. मात्र तें तिचें पहिलें आगमन नव्हे!

या चतुराईस कारणहि तसेंच होतें. मुक्त झालेला कैदी कितीहि धनवान् असो, स्वेच्छेनें आलेले प्रतिष्ठित लोक त्यास आपल्या पंक्तीस घेत नसत. म्हणून त्या विधवेस दोष देण्यास आमचें मन धजत नाहीं. परंतु संशोधकानें ही एकच नोंद प्रमाण मानिली, तर न्यायालयाचा निवाडा व १७९२ चें पत्र हीं दोन्हीं साधनें व्यर्थ ठरतील.

आमच्याकडेहि कुलवृत्तांत सिद्ध करितांना घराण्यास उणेपणा आणणारे कागद बाजूस सारण्याची प्रवृत्ति आढळते. त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, जिनें आपलें पूर्ववृत्त झांकलें, तिचेंच चित्र १९९४ पासून आस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर छापलें जात आहे. आज जो कागद लाजेचा वाटतो, तोच पुढें कुळाचें भूषण ठरूं शकतो. मात्र तोंपर्यंत तो शिल्लक राहिला पाहिजे.