सिल्वासाची सायकल आणि शिरस्त्राण

सिल्वासाला एकदा जाऊन यायचे, हे कित्येक वर्षे मनात होते. आम्हा गोवेकरांचे या गावाशी जुने नाते. गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षे आधी इथला पोर्तुगीज अंमल उठला. जुलै १९५४ मध्ये आधी दादरा आणि मग नरोली मुक्त झाली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे गोवेकर त्यात होते, संघाचे स्वयंसेवक होते, सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरेही होते. भर पावसात, तुटपुंज्या हत्यारांनिशी ही मंडळी शिर तळहातावर घेऊन निघाली होती.

माझा भाचा तिथे एका कारखान्यात नोकरीला आहे. मी ठरवले, पिपरियाच्या बाजूने सायकलवरूनच गाव पाहायचे. भाच्याने सायकल पुढे केली आणि तिच्याबरोबर एक हेल्मेटही.

"मामा, आधी हे घाला."

मी हसलो. "अरे, सायकलला कसले हेल्मेट? आम्ही म्हापशाच्या उतारावरून हात सोडून सायकल हाणायचो."

तो म्हणाला, "इथे पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरतो, आणि मधूनच ट्रक जातात. घाला."

हे बोलताना मला आठवला शाळेतला माझा बाकसोबती. त्याच उतारावर तो पडला होता. रक्ताचा थेंब नाही. उठला, कपडे झटकले, आमच्याबरोबर हसला, सायकल हातात धरून घरी गेला. संध्याकाळी डोके दुखते म्हणून झोपला, तो उठलाच नाही. कवटीच्या आत रक्तस्राव झाला की माणूस कधी कधी काही तास अगदी ठणठणीत दिसतो, हे मला फार उशिरा कळले. हात सोडून सायकल हाणल्याची बढाई मी मारतो, तेव्हा त्याला सोयीस्कर विसरतो. मी मुकाट्याने हेल्मेट हातात घेतले.

या वस्तूचा इतिहासही एका सायकलपाशीच सुरू होतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात होते. समोर सायकलवर दोन मुले आली. त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. डोक्यावर काही नव्हते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. १९४१ मध्ये त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध लिहिला आणि हेल्मेटने जीव वाचतो हे दाखवून दिले. ब्रिटिश सैन्याने ते मानले. सायकलवाल्यांसाठी मात्र फोमचे खरे हेल्मेट बाजारात यायला १९७५ साल उजाडले. तोवर शर्यतवाले चामड्याच्या पट्ट्यांची टोपी घालत. पडल्यावर तिचा उपयोग जवळजवळ शून्य!

त्यांनाही सक्ती नको होती. १९९१ मध्ये शर्यतवाल्यांनी विरोध केला आणि नियम मागे पडला. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव डोक्यावर पडून गेला, आणि मे महिन्यात हेल्मेट सक्तीचे झाले. एक जीव गेल्यावर शहाणपण आले.

"सायकल काय, हळूच तर चालते," असे आपण म्हणतो. पण हिशेब करून पाहा. दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आपटते, तेव्हा त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. सायकल उभी असली तरीही! कवटी थांबते, आतला मेंदू थांबत नाही. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा फोम त्या क्षणी चिरडतो आणि मार स्वतःवर घेतो. म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यायचे. २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली गेली. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी कमी निघाला. ट्रकच्या चाकापुढे तेही हतबल आहे, हे खरे. आणि आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा हेल्मेट सांगतो तो मोटारसायकलवाल्याला. सायकलवाल्याचे डोके त्याच्या स्वतःच्याच हवाली.

सिल्वासा पोर्तुगिजांकडे गेले कसे, ठाऊक आहे ना? मराठा आरमाराने त्यांच्या एका जहाजाचे नुकसान केले, त्याची भरपाई म्हणून १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे त्यांच्या हाती पडली. फुटलेल्या जहाजाला भरपाई होती. फुटलेल्या डोक्याला कुठला पेशवा काय देणार? आणि १९५४ मध्ये ज्यांनी शिर पणाला लावले, त्यांच्यापुढे तेवढे मोठे कारण तरी होते. आपण ते पणाला लावतो कशासाठी? केस विस्कटतात म्हणून?

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे बसवले, हनुवटीखालचा पट्टा आवळला. भाच्याने एकदा हलवून पाहिले आणि मान डोलावली. पाऊस भुरभुरत होता. पिपरियाच्या रस्त्याला लागलो, तेव्हा पाळी सुटलेली कामगार मंडळी समोरून सायकलींवर येत होती. एकाच्याही डोक्यावर काही नव्हते. माझ्याकडे पाहून दोघे-तिघे हसले. मीही तसाच हसलो होतो, तासाभरापूर्वी.