कौतिकच्या चुलीतली धग

‘धग’ आपली कादंबरी नाही, असे अमरावती-अकोल्याच्या चळवळीतले काही तरुण म्हणतात. लेखक आंबेडकरवादी नव्हता, कादंबरीत बाबासाहेब नाहीत, मग आपण ती का वाचायची? मित्रांनो, हा हिशेब चुकतो आहे.

उद्धव शेळके (१९३१-१९९२) यांचा जन्म हिंगणघाटचा, लेखनाची कर्मभूमी अमरावती. लेखणीवरच पोट असल्यामुळे त्यांनी ढीगभर पुस्तके लिहिली. बाजारासाठी लिहिलेलीही त्यात पुष्कळ. पण १९६० साली आलेली ‘धग’ मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांत गणली जाते. ज्या वऱ्हाडी बोलीला पांढरपेशे हसत होते, तीच बोली शेळक्यांनी गरिबाचे दुःख सांगायला उभी केली.

नायिका कौतिक, शिंपी समाजाची. नवरा महादेव कर्तृत्वहीन. पुढे त्याला महारोग जडतो. घराचा गाडा कौतिक एकटी ओढते. पोरगा शिकला पाहिजे, ही तिची जिद्द.

कौतिकच्या हालांना कोणी नियती म्हणेल. आपण ते म्हणू शकत नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली: प्रत्येकाच्या पायाखाली एक जात ठेवली, की तो डोक्यावरचे ओझे विसरतो. कौतिकची जात गावात आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर होती, पण तिच्या टोपल्यात भाकर नव्हती. शेळक्यांनी आग दाखवली, ती लावणारी व्यवस्था थेट दाखवली नाही. ही कादंबरीची मर्यादा. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने जातीलाच जाब विचारला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचा.

आणि एक विसरू नका. कौतिकच्या लेकरांसाठी संविधानात कलम ३४० आहे. त्यानुसार आयोग नेमला नाही, हेही बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. मंडलच्या शिफारशींवर निर्णय व्हायला १९९० साल उजाडले. आज त्याच कौतिकच्या नातवंडांना आपल्याविरुद्ध उभे केले जाते.

म्हणून पुढच्या वेळी ओबीसी वस्तीत जाल तेव्हा नुसते पत्रक नेऊ नका. ‘धग’ न्या. आधी त्यांच्या आजीची गोष्ट वाचा, मग कलम ३४० सांगा.

जय भीम!