प्रस्तावना : खेळसाहित्याच्या पेटंटांचा अभ्यास

खेळाचा इतिहास आपण बहुधा खेळाडूंच्या नावाने लिहितो. विक्रम आणि विजेतेपदे काटेकोरपणे नोंदवतो. पण खेळाडूच्या हातातली रॅकेट किंवा पायातली स्की कोणी, कशासाठी आणि किती खटपटीनंतर घडवली, हे सहसा विचारत नाही.  या प्रश्नांपासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्षेत्रात शिरण्यासाठी हॉवर्ड हेड (१९१४–१९९१) या अमेरिकन संशोधक-उद्योजकाच्या कारकिर्दीइतकी चांगली वाट मला दुसरी दिसत नाही.

हेड बाल्टिमोरच्या ग्लेन एल. मार्टिन विमान कंपनीत अभियंता होता. १९४७च्या सुमारास तो व्हरमाँटमधल्या स्टो येथे स्कीइंगला गेला आणि ते त्याला अजिबात जमले नाही. त्याने दोष जड लाकडी स्कीला दिला. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि हलका गाभा एकमेकांना चिकटवण्याचे विमानबांधणीतले तंत्र त्याला ठाऊक होते. तेच त्याने स्कीला लावले. चिकटवलेले थर रबरी पिशवीत घालून आतली हवा काढायची आणि पिशवी मोटारीच्या जुन्या तेलात उकळायची. बाहेरच्या दाबाने थर आवळले जात आणि उष्णतेने गोंद पक्का होई. पहिल्या सहा जोड्या स्टोच्या प्रशिक्षकांनी वापरून पाहिल्या, सहाही मोडल्या. पुढच्या हिवाळ्यांत प्रत्येक मोडतोडीनंतर रचना बदलत गेली. गाभ्यात प्लायवूड आले, कडांना पोलाद आले. वळायला सोप्या झालेल्या या स्कींना लोक ‘चीटर’ म्हणू लागले. १९६९मध्ये हेडने आपली स्की बनवणारी कंपनी एएमएफ या उद्योगसमूहाला विकली.

निवृत्तीनंतर तो टेनिसकडे वळला, पण तिथेही त्याची प्रगती रडतखडतच झाली. चेंडू मधोमध न लागता बाजूला लागला, की रॅकेट मुठीत फिरे. या फिरण्याला विरोध करणारे जडत्व चौकटीच्या रुंदीबरोबर झपाट्याने वाढते. कारण त्यात अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग येतो. म्हणून त्याने चौकटच रुंद केली. जुन्या रॅकेटच्या जाळीचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस इंच होते, त्याच्या ‘प्रिन्स’ नावाच्या रॅकेटचे ११०. १९७६च्या अमेरिकन पेटंटने ८५ ते १३० चौरस इंचांच्या रॅकेटींवर त्याला हक्क मिळाला. १९७८मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर प्रिन्स घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत खेळली.

दोन्ही शोध खेळात कच्च्या असलेल्या माणसाने लावावेत, हा मला योगायोग वाटत नाही. निष्णात खेळाडू साधनाचे दोष अंगवळणी पाडून घेतो. नवशिक्याला ते पदोपदी नडतात. हेडकडे ही अडचण होती आणि ती सोडवायला लागणारे यंत्रज्ञानही. अशी जोडी शोधणे हे या क्षेत्रातल्या अभ्यासकाचे पहिले काम आहे.

पेटंटमध्ये वर्णन, आकृत्या आणि शेवटी दावे असतात. हक्काची हद्द दाव्यांत आखलेली असते, म्हणून ते शब्दन्‌शब्द वाचावेत. मात्र मोडलेल्या सहा जोड्यांचा हिशेब तिथे सापडत नाही. त्यासाठी पत्रव्यवहार, नमुने आणि कंपनीचे कागद चाळावे लागतात. हेडची कागदपत्रे स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात जपलेली आहेत. पेटंटांचे दस्तऐवज तर सर्वांनाच खुले आहेत. वाचकांनी आपल्या आवडीच्या खेळाचे एखादे साधन निवडावे, त्याचे पेटंट मुळातून वाचावे आणि ते कोणाच्या अडचणीतून जन्मले याचा माग काढावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.