तरुण पिचर की महागडा अनुभवी? बेसबॉल टीम डेटा पाहून कसं ठरवतात

आयपीएल लिलावाच्या वेळी आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो: नवा पोरगा घ्यायचा की मोठं नाव? अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे एमएलबीत, हाच वाद पिचरवरून चालतो. पिचर म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू. फरक इतकाच, की तिथे एक करार चुकला तर त्याचा भुर्दंड टीम कितीतरी वर्षं भरते.

तरुण पिचर स्वस्त का?

तो कमी चांगला असतो म्हणून नाही, नियमच तसा आहे. पहिली साधारण ३ वर्षं पगार बहुतेक वेळा किमान पगाराच्या आसपास राहतो. २०२५ मध्ये हा आकडा ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची ३ वर्षं टीमशी जमलं नाही तर लवाद पगार ठरवतो. ६ वर्षांची सेवा झाली की मगच खेळाडू हव्या त्या टीमशी भाव करू शकतो.

पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स बघा. २०२३ च्या निवडीत पहिला आला, ९२ लाख डॉलर बोनस मिळाला. पण २०२५ चा पगार? ८ लाख ७५ हजार डॉलर. त्या वर्षी त्याने दर ९ इनिंगला सरासरी १.९७ धावा दिल्या आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला.

कॅमेरा काय पाहतो?

२०१५ पासून एमएलबीच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा आहे. २०२० पासून ती हॉक-आय कॅमेऱ्यांवर चालते. हो, क्रिकेटच्या डीआरएसमध्ये आपण बघतो तेच हॉक-आय! प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि तो हातातून कुठून सुटला, सगळं मोजलं जातं. बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर हे आकडे मोबाईलवर फुकट दिसतात. अनुभवी पिचरचा वेग वर्षागणिक घसरतोय का, हे मी तिथेच पाहतो.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही?

कोपराच्या आतली लिगामेंट किती झिजली आहे, ते. ती फाटली की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ती पहिल्यांदा केली. त्यानंतर मैदानात परतायला साधारण वर्षाहून जास्त काळ जातो.

वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१९ च्या शेवटी स्टीफन स्ट्रासबर्गला ७ वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर दिले. दुखापतींमुळे त्यानंतर तो फक्त ८ सामने खेळला.

मग तरुण सुरक्षित का? तसंही नाही. अटलांटा ब्रेव्ह्जच्या स्पेन्सर स्ट्रायडरच्या कोपरावर २०२४ मध्ये, पंचविशीतच, शस्त्रक्रिया झाली. उलट जस्टिन व्हर्लँडरने टॉमी जॉननंतर, वयाच्या ३९ व्या वर्षी, २०२२ चा साय यंग जिंकला. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसने त्या वर्षासाठी त्याला २.५ कोटी डॉलर दिले होते आणि वर्ल्ड सिरीजही जिंकली.

मग कोणाला घ्यायचं?

मला विचाराल तर वयापेक्षा कराराची लांबी बघावी. पाया तरुणांचा ठेवा आणि अनुभवी पिचर एक-दोन वर्षांच्या करारावर घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. कोपर दुखावलं तर नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

पण टीमचा हा फायदा तरुण खेळाडूच्या खिशातून येतो. एमएलबीच्याच २०२४ च्या अहवालाने दुखापतींमागे वाढता वेग आणि प्रत्येक चेंडूला लावलेला पूर्ण जोर ही मोठी कारणं सांगितली. म्हणजे ज्या वेगामुळे पोराची निवड होते, तोच वेग त्याचं कोपर खातो. ६ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी हात गेला, तर मोठा करार कधीच हाती येत नाही. म्हणून किमान पगार वाढवणं आणि मोठ्या कराराची वाट ६ वर्षांपेक्षा कमी करणं मला योग्य वाटतं. नाहीतर 'स्वस्त तरुण' म्हणजे धोका त्याचा आणि नफा टीमचा, असाच हिशोब राहील.