मुठीलगतची अक्षरे

खंडेनवमीला शस्त्रे उजळून पुजण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील ज्या गावी मी काही वर्षे मास्तरकी केली, तेथे घरटी एखादा तरी शिपाईगडी निघायचा. त्यामुळे नवमीला विळ्या-कोयत्यांच्या शेजारी एखादी तलवार, एखादी संगीन हळदकुंकू लेवून बसलेली दिसे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अशाच एका नवमीला सातवीतला एक मुलगा मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेला.

"गुरुजी, ही आमच्या खापरपणजोबांची संगीन. कूटच्या वेढ्यात त्यांच्याजवळ हीच होती. हे बघा, 1907 लिहिलंय!"

कूट-अल-अमारा हे तैग्रिस नदीच्या वळणावरचे मेसोपोटेमियातले गाव. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन तेथे अडकली. 7 डिसेंबर 1915 रोजी तुर्कांचा वेढा पडला. अन्न संपले, घोडे कापून खाण्याची पाळी आली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी जनरल टाउनशेंड शरण गेला. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणींचे शिपाई त्या वेढ्यात होते. पुढे कैदेत किती तरी जण वाळवंटातच संपले.

मी संगीन उचलली. सतरा इंचांचे पाते, लाकडी मूठ. शास्त्र वाचावे तसे शस्त्रही वाचता येते, मात्र कोठे पाहावे हे ठाऊक हवे. मुठीलगत पात्याला धार नसते. त्या बोथट जागेवर कारखान्याने आणि सरकारने आपापले शिक्के ठोकलेले असतात. मी पाते खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरले आणि भिंग लावले.

एका बाजूस वर मुकुट, त्याखाली 'जी आर' ही अक्षरे. ही पंचम जॉर्ज बादशहाची मोहोर. 1910 पूर्वी, सातव्या एडवर्डच्या अमदानीत, 'जी'च्या जागी 'ई' असे. त्याखाली 1907. येथेच बहुतेक जण फसतात. हे साल संगीन घडवल्याचे नव्हे, तर तिचा नमुना मंजूर झाल्याचे. जपानी संगिनीवरून बेतलेला हा नमुना पुढे दोन्ही महायुद्धांत चालला. घडवल्याचा महिना आणि साल त्याखाली बारीक आकड्यांत असते, आणि त्याच्या जोडीला कारखानदाराचे नाव. लंडनचा विल्किन्सन, शेफील्डचे सँडरसन आणि चॅपमन, बर्मिंगहॅमचा मोल ही त्यांतली मुख्य नावे. ऑस्ट्रेलियात लिथगोला हीच संगीन होई. आपल्याकडे कलकत्त्याजवळ ईशापूरला होई. तिच्यावर कारखान्याची 'आर एफ आय' ही अक्षरे सापडतात. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

पाते उलटले की दुसऱ्या बाजूस पारखणाऱ्यांची साक्ष. मुकुट, आकडा आणि अक्षर असा लहानसा शिक्का म्हणजे तपासनिसाची पसंती. त्यातले 'ई' हे अक्षर एनफील्डचे. पाते वाकवून सोडावे आणि ते पुन्हा सरळ झाले, तर त्यावर फुलीची खूण ठोकीत. शाळेत आम्ही चुकीला फुली मारतो, तेथे ती उत्तीर्ण झाल्याची! रुंद फाळाचा बाण ही सरकारी मालकीची खूण. आणि असे दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेले असले, तर ती वस्तू सरकारने मोडीत काढून विकली असे समजावे.

त्या पात्यावर विल्किन्सनचे नाव होते. महिना मे, साल 1918. मागे टोकाला टोक लावलेले दोन बाण.

माझ्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले. कूट पडल्यानंतर दोन वर्षांनी घडलेली संगीन कूटच्या वेढ्यात असणार कशी? इतिहास शिकवणाऱ्याने खोटे बोलू नये, हे खरे; पण पुजलेल्या शस्त्रासमोर, मुलाच्या डोळ्यांदेखत, हे सांगायचे कसे? मी भिंग पुसत राहिलो.

ओसरीवर बसलेल्या त्याच्या पणजीने, नव्वदीच्या आजींनी, ते ओळखले असावे. त्या हसल्या.

"अवं गुरुजी, मामंजी मागारी आलंच न्हाईत, मग त्यांची संगीन कशी यील? आमचं मालक दुसऱ्या लढाईत इटलीला हुतं. पेन्शनीत आल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणली त्यांनी. बापाचं घरात कायबी नव्हतं. नवमीला पुजायला कायतरी हवं, म्हणून."

मुलगा गप्प झाला. मग त्याने भिंग मागून घेतले आणि ते दोन बाण बराच वेळ पाहिले.

निघताना मी एवढेच सांगितले, की पुढच्या नवमीला संगीन राखेने घासू नका, अक्षरे झिजतात. मऊ फडक्याने तेलाचा हात फिरवा, पुरे. मुलाने वहीच्या कागदावर लिहून तो कागद म्यानाला दोऱ्याने बांधला: 'विल्किन्सन, मे 1918. पणजोबांनी त्यांच्या वडिलांसाठी आणली.'

पोरक्या पोराने उतारवयात विकत घेतलेली ती बापाची आठवण होती. संगीन कूटची नव्हती. पण तिच्यापुढे लावलेला दिवा कूटचाच होता.